घर पडल्यावर कुत्रं, मांजर आणि म्हैस घेऊन जायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावात मातीच्या भिंतींचं घर. सततच्या पावसानं मागची भिंत आणि अर्धं छप्पर खाली आलं. आई, नवरा-बायको आणि सहावीतली मुलगी सध्या गावच्या शाळेतल्या काळजी केंद्रात, म्हणजे सरकारी निवाऱ्यात आहेत. सोबत चार वर्षांचा गावठी कुत्रा, एक मांजरी आणि एक दुभती म्हैस. प्रश्न विचारणारे गृहस्थ उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात कामाला असल्यानं शहरात भाड्याचं घर शोधताहेत. कुत्र्याचं नाव काढलं की मालक फोन ठेवतात. नातेवाईक म्हणतात, आधी माणसांचं बघा, कुत्रं सोडून द्या. काय करावं?

मी बेळगावात घरं भाड्यानं मिळवून द्यायचं काम करते. वीसेक वर्षं झाली. दर पावसाळ्यात तुमच्यासारखी कुटुंबं येतात. कुणाचं खानापूरकडं घर पडलेलं असतं, कुणाच्या वडगावातल्या घरात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरलेलं असतं. 2019 च्या ऑगस्टात तर निपाणी-सदलग्याकडची माणसं इथल्या पाहुण्यांकडं येऊन खोल्या शोधत होती. माझे दीर जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, त्यामुळं जनावरांचं जे सांगते ते बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

तुम्ही विचारलंय की कुत्र्याला चालवून घेणारा मालक कुठं मिळेल. तो मिळेल. खरी अडचण अशी आहे, की चार माणसं आणि तीन जनावरं अशा सगळ्यांसाठी एकच छप्पर तुम्ही एकाच आठवड्यात शोधताय, आणि तेही फोनवरून. असं घर बेळगावात जवळपास नाहीच. म्हणून आधी हा गुंता सोडवून घ्या. आजच्या रात्रीची सोय वेगळी, पुढच्या महिन्याची वेगळी आणि घर परत उभं राहीपर्यंतची वेगळी. जनावरांचंही तसंच. म्हशीला बेळगावात आणायचं कारणच नाही. मांजरीला कुणी फारसं अडवत नाही. राहिला एकटा कुत्रा, आणि एका कुत्र्यासाठी घर मिळवणं हे होण्यासारखं काम आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कुत्रा अनोळखी माणसावर, लहान मुलांवर धावून जातो काय? आजवर मोकळा फिरत होता की साखळीची सवय आहे? घर त्याच जागी बांधणार की दुसरीकडं? अ‍ॅडव्हान्स किती देऊ शकाल? गावात रोज जनावराकडं बघणारं भरवशाचं माणूस आहे काय? यातलं मला काही माहीत नाही, त्यामुळं सरसकट लागू पडेल तेवढंच लिहिते. तुमचं उत्तर जिथं वेगळं असेल तिथं तुम्हीच फिरवून घ्या.

घर शोधायच्या आधी एक गोष्ट. उरलेल्या अर्ध्या घरात कुणीही जायचं नाही, मांजरीला शोधायलासुद्धा नाही, आणि म्हैस तिथं बांधायची नाही. मातीची भिंत आत पाणी धरून बसते. पाऊस उघडला, ऊन पडलं की माणसाला वाटतं आता धोका टळला, आणि नेमकी तेव्हाच भिंत बसते. मांजर आत असेल तर संध्याकाळी बाहेर भात-मासळी ठेवून, ओळखीच्या आवाजात हाक मारून थांबा. ती येते. दिवसा गर्दीत, पत्रे वाजत असताना येत नाही.

पंचनामा होईपर्यंत ढिगारा हलवू नका. फोटो काढताना गोठाही वेगळा दिसू द्या, म्हशीसकट. केंद्र सरकारच्या आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 आणि दुभती म्हैस किंवा गाय दगावली तर 37,500 रुपये धरले होते. राज्य सरकार त्यात आपली भर घालतं. 2019 च्या महापुरानंतर कर्नाटकात पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले होते. त्या-त्या वर्षीचा आकडा नाडकचेरीत (महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत) किंवा पंचायतीत पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं विचारून घ्या. अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो. लिहिता-वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून भरून घ्या, पण सही करण्याआधी ‘पूर्ण’ लिहिलंय की ‘अंशतः’, आणि गोठ्याची नोंद आहे की नाही, हे वाचून घ्या. भाड्याच्या घराच्या गोष्टीत हे मध्येच का सांगतेय, तर बांधकामाचे पैसे हप्त्यानं येतात, पाया झाला की एक, भिंती झाल्या की एक, असं. म्हणजे आधी खिशातून घालावे लागतात. हा हिशेब डोक्यात नसेल तर माणूस सगळी गंगाजळी अ‍ॅडव्हान्समध्ये घालून बसतो. कुत्र्या-मांजराचं नाव सरकारी यादीत कुठंच नाही, त्यांचा खर्च तुमचाच.

आता काळजी केंद्रातल्या रात्री. शाळेत कुत्र्याला वर्गात घेऊ देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. लहान मुलं जमिनीवर झोपलेली असतात. व्हरांड्याच्या टोकाला, जेवणाच्या रांगेपासून लांब जागा मागा. साखळी आणि गळ्यात पट्टा घाला, पट्ट्यावर मार्करनं तुमचा मोबाईल नंबर लिहा. खाणं दोन वेळा ठरावीक, बाकीच्यांचं जेवण झाल्यावर. बांधलेल्या कुत्र्यासमोरून मुलं चपात्या घेऊन पळत असली की शांत कुत्रंही एखादे वेळी दात लावतं, आणि एकदा चावल्याचं नाव झालं की केंद्रातूनही काढतील आणि पुढं घर मिळायलाही आडवं येईल. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा आजार कुत्र्याला होतो, तसा माणसालाही होतो. रेबीजचं इंजेक्शन वर्षाच्या आत दिलेलं नसेल तर याच आठवड्यात देऊन घ्या आणि कार्ड मागून घ्या. त्या कार्डाचं काम पुढं आहे.

म्हशीचं बघू. तिला गावातच किंवा शेजारच्या गावात ठेवा. दोन पद्धती आहेत. एक, भावकीत किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधायची आणि वैरण-पेंडीचे पैसे महिन्याला द्यायचे, दूध आपलं. दुसरी, अर्धलीनं द्यायची, म्हणजे सांभाळ त्यांचा आणि दूध-रेडकात वाटा. तुमचं घर उभं राहायला किती महिने लागतील याचा भरवसा नसेल तर मी पहिली पद्धत सांगेन. अर्धलीनं दिलेली म्हैस अध्येमध्ये परत मागितली की नात्यात वाकडं येतं. काय ठरलं ते दोन माणसांसमोर बोला आणि एका कागदावर लिहा. कानातल्या बिल्ल्यावरचा 12 अंकी नंबरही त्यात घाला. म्हैस तुमची हे सांगायला तोच नंबर कामाला येतो, आणि पुढं काही बरंवाईट झालं तर भरपाईलाही तोच विचारतात. दूध डेअरीला घालत असाल तर खातं तुमच्याच नावावर चालू ठेवा. नव्या हाताला म्हैस पहिले काही दिवस पान्हा चोरते, दूध कमी आलं म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नका. जमलं तर पहिल्या दोन-चार धारांना आईंनी तिथं हजर राहावं. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी झाली नसेल तर 1962 वर फोन करा. तो सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे.

आईंना गाव सोडायचं जिवावर येत असेल, तर म्हैस जिथं बांधाल तिथंच जवळ एक खोली त्यांच्यासाठी बघता येते काय, याचाही विचार करा. म्हाताऱ्या माणसाला शहरातल्या दोन खोल्यांत कोंडून घेण्यापेक्षा ते बरं पडतं असं मी कितीदा पाहिलंय. पण तब्येत, औषधपाणी, रात्रीची सोबत हे बघून तुम्हीच ठरवायचं.

मांजरीबद्दल मालक सहसा कुरकुरत नाहीत, उंदीर जातील म्हणून खूषही होतात. एकच ठिकाण टाळा, ते म्हणजे माग असलेलं घर. शहापूर-वडगावात खाली पॉवरलूम आणि वर भाडेकरू अशी घरं भरपूर आहेत, भाडंही झेपणारं असतं. एका बाईंनी मला मागावरचा ताणा, म्हणजे ताणून लावलेले उभे धागे, दाखवला होता. आदल्या भाडेकरूची मांजर रात्री त्यावर चढून झोपली होती. वीतभर जागेतले धागे तुटलेले, आणि एकेक धागा शोधून गाठ मारत बाई दिवसभर तिथं बसलेल्या. त्यानंतर त्या बाई मांजराचं नावच ऐकून घेत नाहीत, आणि मीही तिथं मांजरवाल्यांना नेत नाही.

मांजरीला आणताना पोत्यात घालू नका, गुदमरते आणि पोतं फाडून पळतेही. एका बुट्टीवर दुसरी बुट्टी पालथी घालून दोरीनं आवळून आणा, आत जुनं लुगडं टाका. नव्या घरात दोन-तीन आठवडे एकाच खोलीत दार लावून ठेवायची. मांजर जागेला फार धरून असते. सोडली की जुन्या घराच्या दिशेनं निघते, आणि जांबोटीचा रस्ता ओलांडून ती काही पोचायची नाही.

आता कुत्रा, म्हणजे मालक.

मालकाच्या ‘नको’मागं बहुतेक वेळा आधीचा एखादा भाडेकरू असतो. कुणी पामेरियन गच्चीत बांधून दिवसभर ऑफिसला जायचा, ते भुंकून भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचं, आणि बोलणी मालकाला खावी लागायची. कुणाच्या जिन्यात वास राहिला. कुणाच्या नातवाला ओरखडा निघाला. म्हणून मी भाडेकरूंना सांगते की विनवण्या करू नका, विचारा. “काकू, आधी कुणी कुत्रं ठेवलं होतं काय?” एवढंच. मग त्या बोलतात, आणि नेमकी भीती बाहेर येते. जी भीती असेल तिचंच उत्तर द्यायचं. भुंकण्याची भीती असेल तर दिवसा घरात कोण असतं ते सांगा. तुमच्याकडं आई किंवा बायको घरी असणार, ही फार मोठी जमेची बाजू आहे आणि फोनवर तुम्ही ती सांगितलीच नसणार. वासाची भीती असेल तर कुत्रा बाहेर फिरवून आणतो, अंगणात-जिन्यात बसवत नाही, सोडून जाताना रंगाचे पैसे अ‍ॅडव्हान्समधून कापा म्हणून सांगा. चावण्याची भीती असेल तर इंजेक्शनचं कार्ड पुढं करा. गोष्टी लांबवू नका. घाबरलेल्या माणसाला ‘आमचं कुत्रं किती हुशार’ हे ऐकायचं नसतं.

एक भीती उघड बोलली जात नाही, ती खाण्याची. बेळगावात शाकाहारी मालक पुष्कळ. भाडेकरूला घरात मटण-मासळी चालणार नाही असं सांगतात, आणि कुत्र्याला काय घालता हेही त्यांच्या मनात असतं. विचारायच्या आधीच सांगून टाका. गावठी कुत्रा भाकरी, दही-भात, डाळ यावर काही महिने तगतो, पण त्यात डाळ-सोयाबीनसारखं पोषण असू द्या, नुसत्या दूध-भाकरीवर तो खंगतो. आणि हे पाळणं तुम्हाला जमणार नसेल तर ते घर घेऊ नका. चोरून आणलेली हाडं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसतात.

कुत्र्याचं कधी सांगायचं, यावर माझं मत पक्कं आहे. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगू नका आणि अ‍ॅडव्हान्स दिल्यावरही नको. फोनवर कुटुंब, नोकरी, कुठून आलो, घर पडलं, एवढं सांगून घर बघायची वेळ मागा. घर बघून झालं, मालकाला तुम्ही माणूस म्हणून पटलात, की पैशाची बोलणी सुरू व्हायच्या आधी सांगा. लपवून आत शिरायचं आणि मग बघू म्हणायचं, असं करणाऱ्यांना मी घर दाखवत नाही. एका भाडेकरूनं फसवलं की त्या गल्लीतली चार दारं पुढच्या दहा कुत्रेवाल्यांना बंद होतात.

मालक म्हणाले, आणून दाखवा, तर कुत्र्याला आधी लांब फिरवून, थोडं खायला घालून न्या. फाटकाबाहेर थांबा. मालक बाहेर येऊ देत, कुत्र्याला आत ओढू नका. हिंदवाडीत एका जोडप्याचा मुधोळ जातीचा कुत्रा होता. उंच, बरगड्या दिसणारा, बघूनच माणूस दचकावा असा. मालक म्हातारे, फाटकाच्या आत उभे.

“रात्री भुंकतंय काय ओ?”

“कोण तरी फाटक उघडलं तर भुंकतंय, काका. उगीच नाही.”

म्हातारबा जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिले. कुत्रा बसून पाय चाटत होता. “मग ऱ्हाऊ दे की. आमच्यात पोरं कोण न्हाईत, दोघंच असतोय.” त्या घरात आधी दोन भाडेकरू कुत्र्यावरून परत गेले होते, आणि त्या दोघांनी म्हातारबांना काही विचारलंच नव्हतं, नुसतं ‘लहान आहे, काही करत नाही’ म्हणत राहिले होते.

ओळखीचंही सांगते. आपल्याकडं कागदापेक्षा ओळख चालते. उद्यमबागेतले तुमचे सुपरवायझर, गल्लीतले पंच, युवक मंडळातलं कुणी, ज्याला मालक नावानं ओळखतो असा एक माणूस मध्ये घाला. “ही माणसं मी ओळखतो” या एका वाक्यानं कार्डापेक्षा जास्त काम होतं. तुमच्या गावचं बेळगावात स्थायिक झालेलं कुणी ना कुणी असतंच. खानापूरकडची माणसं अनगोळ, वडगाव, पिरनवाडी, मच्छे इथं भरपूर आहेत. घर पडलंय हे सांगायला लाजू नका. लोकांना वाईट वाटतं आणि ते मदतही करतात, पण ‘थोड्या दिवसांसाठी’ असं मोघम बोललात तर मालक घाबरतात. ‘पुढच्या पावसाळ्याच्या आधी घर बांधून जाणार’ असं सांगा.

कुठं बघायचं? उद्यमबागेत काम असेल तर मच्छे, पिरनवाडी, अनगोळ इथं आधी बघा. शहराच्या मधल्या जुन्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं, समाईक बोळ, समाईक मोरी. तिथं कुत्रं म्हणजे रोजची कटकट, मालक तयार असला तरी शेजारी तयार नसतात. नव्या लेआउटमधली कडेची घरं, ज्यांच्या बाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत, ती बघा. मागं परडं असलेलं घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. हिंडलगा, कंग्राळी, उचगाव, येळ्ळूर या बाजूला अशी घरं निघतात, पण बसचा वेळ आणि मुलीची शाळा बघून.

आणखी एक जागा लोक विचारतच नाहीत, ती म्हणजे बंद घरं. बेळगावातली पोरं पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला. आईबाप गेले किंवा पोरांकडं राहायला गेले, आणि घराला कुलूप. पावसाळ्यात अशी घरं ओल धरतात, उंदीर-घुशी होतात. या मालकांना भाड्यापेक्षा घर उघडं राहावं, कुणीतरी वावरावं, याची गरज जास्त असते, आणि फाटकात कुत्रं असलं तर त्यांना बरंच वाटतं. अशा घरांवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी नसते. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा. शेतातली घरं, फार्महाऊस यांचंही तसंच, राखणीला माणूस हवाच असतो. फक्त तिथं राखणीचं काम आणि राहणं याची सरमिसळ होऊ देऊ नका. भाडं घेणार की राखणीच्या बदल्यात राहायचं, हे पहिल्याच दिवशी साफ बोला, नाहीतर सकाळी बाग शिंपायला आणि रात्री पंप चालू करायलाही तुम्हीच.

अपार्टमेंटचं थोडं वेगळं आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं रहिवासी संघ सरसकट ‘कुत्री पाळायची नाहीत’ असा नियम करू शकत नाही. पण फ्लॅटचा मालक स्वतः तुम्हाला नको म्हणाला तर तो कागद त्याच्यापुढं नाचवून काही होत नाही, घर त्याचं आहे. मालक तयार आणि सेक्रेटरी आडवे, अशा वेळीच तो मुद्दा काढायचा, तोही शांतपणे. मोकळा वाढलेल्या गावठी कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं मी मुळातच सुचवणार नाही.

करार 11 महिन्यांचा करतात, वर्षाच्या वर गेला की नोंदणी करावी लागते.  मसुदा कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या, आणि त्यात एक ओळ घालायलाच लावा: “भाडेकरूसोबत एक पाळीव कुत्रा व एक मांजर राहील, त्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरू देईल.” तोंडी ‘चालतंय की’ म्हणणारे मालक पुढं मुलगा आला, सून बोलली, की फिरतात. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस लिहा, कारण तुमचं घर लवकर झालं तर तुम्हाला अडकून पडायचं नाही. आणि लीजवर घर घेऊ नका. एकरकमी काही लाख भरायचे आणि महिन्याला भाडं नाही, हे ऐकायला गोड वाटतं. पण घर पडलेल्या माणसाचे पैसे हातात मोकळे हवेत. वर सांगितलं तसं, पाया तुम्ही स्वतःच्या पैशानं घालणार आणि हप्ता मागाहून येणार. त्या वेळी रक्कम मालकाकडं अडकलेली असेल तर तुम्ही व्याजानं पैसे काढत फिराल.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत कुत्र्यासकट घर मिळालं नाही तर? तर माणसांसाठी मिळेल ते घर घ्या आणि कुत्र्याला तात्पुरतं दुसरीकडं ठेवा. ते त्याला टाकून देणं होत नाही. म्हैस जिथं ठेवाल तिथंच तो राहू शकला तर उत्तम, ओळखीचा वास, ओळखीचं जनावर. फक्त खाण्याचे पैसे वेगळे द्या, ‘उरलंसुरलं घालतो’ यावर सोडू नका, आणि पहिले दोन आठवडे बांधून ठेवायला सांगा, नाहीतर पडलेल्या घरापाशी जाऊन बसेल. पैसे देऊन सांभाळणारे असतील तर आधी स्वतः जाऊन बघा. कुत्री एकमेकांपासून वेगळी ठेवतात काय, लसीचं कार्ड मागतात काय. कार्ड न मागणाऱ्याकडं ठेवू नका, कारण त्यानं ते कुणाकडंच मागितलेलं नसतं. किती दिवस, दिवसाचे किती, आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, हे मेसेजवर लिहून घ्या. दर रविवारी तुम्ही किंवा मुलगी जाऊन या. कुत्र्याला बरं वाटतं म्हणून जाच, पण सांभाळणाराही त्यामुळं जागा राहतो.

‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांबद्दल. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याचं राहू द्या. घरचं कुत्रं दुसऱ्या गल्लीत सोडलं की तिथली कुत्री त्याला पहिल्याच रात्री फाडतात, किंवा ते हायवेला लागतं. तुमच्या मुलीचं घर गेलंय, शाळा बदलणार आहे, आजी कदाचित गावात राहणार आहे. त्यात हेही तिच्या वाट्याला द्यायचं कारण नाही. नातेवाइकांशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. दोन आठवडे कुत्रा कोण ठेवतंय ते विचारा. निम्मे गप्प बसतील, एखादा ‘आण की’ म्हणेल.

घर मिळाल्यावरचं थोडं. पहिल्या दिवशी सामानाच्या आधी कुत्र्याला आणू नका, दार सतत उघडं असतं. सगळं लागल्यावर आणा, त्याचं जुनं पोतं किंवा गोधडी न धुता त्याच्याजवळ ठेवा. पहिले काही आठवडे साखळीशिवाय बाहेर काढू नका, कितीही शहाणा असला तरी. शेजारच्या घरी स्वतः जाऊन सांगा की कुत्रं आहे, त्रास झाला तर आधी मला सांगा, आणि मोबाईल नंबर द्या. तक्रार मालकाकडं जाण्याआधी तुमच्याकडं आली पाहिजे.

तारखाही बघा. तुम्ही ऑगस्टात घर बदलणार, म्हणजे पुढं गणपती. बेळगावात अकरा दिवस गल्लोगल्ली मंडप, फटाके, आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नव्या जागी आलेलं कुत्रं फटाक्याच्या आवाजानं साखळी तोडून पळालं तर त्याला परत यायचा रस्ताच माहीत नसतो. आगमनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी लवकर फिरवून आणा, आतल्या खोलीत दार लावून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून एक माणूस त्याच्याजवळ बसवा. जमत असेल तर ते दोन दिवस त्याला गावाकडं म्हशीपाशी नेऊन ठेवा.

येत्या रविवारी घरं बघायला येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या आणि बायकोला किंवा आईला सोबत आणा. घर कुणाला द्यायचं हे आमच्याकडं बहुतेक घरांत मालकीणबाई ठरवतात, आणि त्यांना बोलायला तुमच्या घरातली बाई समोर लागते. कुत्र्याला पहिल्या फेरीत आणू नका. इंजेक्शनचं कार्ड, पडलेल्या घराचे फोटो आणि कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्या, पाऊस आहे.